आधी बायकांची टोपली

३ ऑक्टोबर १९७८, कोल्हापूर

शाळेने कळवलं, कायम शिक्षक आला आहे, उद्यापासून येऊ नये. चार वर्षं मराठी शिकवलं. आठवीच्या वर्गाला एक कविता अर्धी शिकवून झाली होती.

भाईला सांगितलं. भाई म्हणजे गैबी, माझा थोरला भाऊ. अब्बा गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. शाहूपुरीत त्याचा बर्फाचा कारखाना आहे. तो लादी फोडत होता. हात न थांबवता म्हणाला, "बेस झालं. तुझ्याजोगं काम हाय."

काम असं आहे. थंडीत बर्फाला गिऱ्हाईक नसतं. तोच बर्फ घाटाखाली बंदरावर न्यायचा, मासळीवर घालायचा आणि मासळी इथल्या बाजारात आणायची. आजवर तिथला माल एकटा दाजीशेट उचलतो, कारण बंदरावर ट्रक फक्त त्याचे. आता आमचे दोन ट्रक जातील. मी तिथे राहून खरेदी करायची.

मी म्हणालो, "मला बांगडा आणि तारली यातला फरक कळत नाही."

"म्हणूनच तुला धाडतोय. व्यापाऱ्यावर त्या लोकांचा इस्वास बसत न्हाई. तू मास्तर दिसतोस."

सलिमाभाबी हसली. मलाही बरं वाटलं. भाई सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

७ ऑक्टोबर, बंदर

पहिल्याच दिवशी हसं झालं.

बर्फ वितळू नये म्हणून भोवती लाकडाचा भुसा घालतात. भुसा विकत घ्यावा लागतो. आमचा ड्रायव्हर केरबा कसबा बावड्याच्या साखर कारखान्याजवळ राहतो. त्याने तिथून उसाची पिळलेली चिपाडं फुकट आणली आणि त्यात लाद्या पुरल्या. भाईने शाबासकी दिली, मलाही युक्ती नामी वाटली. घाट उतरेपर्यंत चिपाडं आंबली. ट्रकचं फळकुट उघडलं तर आतून वाफ आली. लाद्या निम्म्या झाल्या होत्या आणि खाली तपकिरी पाणी. तेच पाणी बांगड्याच्या पाट्यांवर सांडलं.

एका बाईने बांगडा उचलून हुंगला. वय पन्नाशीच्या पुढे, काष्टा मारलेला, कपाळ मोकळं.

"पावण्यानूं, हो बांगडो की गुळाची ढेप?"

सगळा किनारा हसला. केरबा म्हणाला, "आवो मावशी, साखरंच्या गावचं हाय आमी. दमानं घ्या की."

"मगे च्यायत घालून खावचो तो!"

तिचं नाव चिमणाबाई. दुपारी तिनेच भातगिरणीवर नेऊन तूस दाखवलं. भुशाऐवजी ते चालतं म्हणे. जाताना म्हणाली, "मास्तर, तुका कोणी पाठवलो रे हय?" भावाने, असं मी सांगितलं. "त्येका दुसरो कोण गावलो नाय?"

९ ऑक्टोबर

धक्क्यावर लाँची लागतात. त्यांचा माल दाजीशेटकडे बांधलेला आहे, तिकडे मी जात नाही. माझं काम धक्क्याच्या उत्तरेला, वाळूवर. तिथे रापण असते. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालून दुसरा दोर घेऊन येते, मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात. वाडीतली सगळी घरं असतात. प्रमुख भिवा तांडेल. बोलतो कमी. पाणी बघत बसतो. बांगड्याचा थवा असला की पाणी काळं दिसतं म्हणतो. मला सगळं पाणी सारखंच दिसतं.

एक रीत कळली. जाळं वाळूवर आलं की प्रथम बायका पुढे होतात. घरटी एक टोपली भरून घेतात. ती टोपली डोक्यावर घेऊन त्या आतल्या गावांत फिरतात, विकतात, त्यावर घर चालतं. पुरुषांच्या वाट्याचं काही खरं नसतं, असं चिमणाबाई सर्वांदेखत म्हणाली. टोपल्या निघाल्यावर उरलेल्या मालाचा तोल आणि विक्री. आधी टोपली, मग तराजू. दाजीशेटसुद्धा हे पाळतो.

बायका मोठे मोठे बांगडे निवडतात हे मी पाहिलं. भाईला कळवावं का, असा विचार केला. मग ठरवलं, रीत आहे तर असू दे. पण संध्याकाळी केरबाने विचारलं, "आज माल बारका का?" तेव्हा त्याला सांगितलं. तो भाईला सांगेलच.

१६ ऑक्टोबर

आज दोर ओढला.

वारा उलटा होता, जाळं जड येत होतं. एका बाजूला माणसं कमी पडत होती. मी चपला काढून उभा होतो. आमच्याकडे कोणी गाडी ढकलत असेल तर नुसतं बघत राहणं बरं दिसत नाही. मी दोर धरला. तळहात सोलले.

नंतर वाटे पडले तेव्हा वाळूवर एक छोटा ढीग जादा होता. भिवा म्हणाला, "हो तुझो."

मी म्हणालो, मी खरेदीदार आहे, मला वाटा कसा?

"दोराक हात लायलंस मा? मगे वाटो घेवकच होयो."

"आता तू आमचो," चिमणाबाई म्हणाली. "उद्यापासून उशिरा इलंस तर गाळी खातलंस."

मला हे फार आवडलं. चार वर्षांत शाळेने मला हजेरीपटावर कायम केलं नाही. इथे एका सकाळीत झालं. बांगडे भाजून खाल्ले.

१८ ऑक्टोबर

दाजीशेटने चहाला बोलावलं. बुटका, स्वच्छ, बोटात पोवळं. बोलणं गोड.

"मास्तर, तुम्ही व्यापार करूक इलास की रापण ओढूक?"

मी म्हणालो, दोन्ही जमेल.

तो हसला. "दोराक हात लावलेलो माणूस रापणीचो. तो त्यांच्या बाजून बोलता. असो माणूस माल घेणार कोणाच्या बाजून? तुमच्या भावाक ह्यां म्हायत असा?"

मला वाटतं तो घाबरला आहे.

२२ ऑक्टोबर

काल रात्री वाडीची बैठक झाली. दाजीशेटची अट जुनी आहे: घेतला तर सगळ्या मोसमाचा माल घेणार, मधूनअधून नाही; आतापर्यंत थोडा माल आम्हांला दिला तेवढा चालवून घेतला, पुढे घेणार नाही. एकदा सोडून गेला त्याला पुन्हा जुन्या बोलीवर घेत नाही. तेव्हा आमच्याकडे यायचं तर पूर्ण यायचं. भिवाने मला सरळ विचारलं, "बांगडो खूप लागलो, भाव पडलो, तरी तुझी गाडी येतली?"

मी एक दिवस मागितला.

आज पोस्टातून भाईला ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला. सगळं सांगितलं. मोसमभर, भाव पडला तरी, आणि आधी टोपली.

भाई म्हणाला, "दे की शब्द."

"नीट विचार कर भाई. चाळीस घरं आहेत."

"आरं दे म्हणतोय न्हवं. शब्दाला काय लागतंय? दाजीशेटचा माल आधी तुटू दे."

भाईचं धाडस मला कधीच जमलं नाही. मी वाडीवर जाऊन सांगितलं. भिवाने मान हलवली. कुणी हात मिळवला नाही, नारळ फोडला नाही. चिमणाबाईने मात्र तीनदा वदवून घेतलं, टोपली आधी ना, टोपली आधी ना. मी तीनदा हो म्हणालो.

१ नोव्हेंबर

दिवाळी. दाजीशेटचा माणूस वाडीवर फराळ घेऊन आला. भिवाने फराळ घेतला आणि सांगितलं, "शेटाक सांग, आमचो माल कोल्हापूरच्या गाडयेत जातलो." माणसाने फराळाचं रिकामं ताट काखेत मारलं. मग गेला.

दहा दिवस झाले, आमचे ट्रक एक दिवस चुकलेले नाहीत. मी आता बांगडा आणि तारली ओळखतो. पाणी अजून ओळखता येत नाही.

५ नोव्हेंबर

केरबा तूस झाडत सांगत होता, "परवा मालकांकडं मोठी जेवणावळ हुती. ह्यो हितला दाजीशेट आलता की. तांबडा-पांढरा वरपत हुता. घाम पुसून पुसून टावेल वल्ला केला गड्यानं."

"आमच्या घरी?"

"व्हय तर. वैनींनी सोता वाढलं."

मी विचार करत बसलो. दाजीशेट तह करायला गेला असणार. इथे माल तुटला, म्हणून कोल्हापूरला हातापाया पडायला. भाईने जेवू घातलं आणि वाटेला लावलं असेल. आमच्याकडे शत्रूलाही उपाशी पाठवत नाहीत. भाईने मला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलं नसेल.

भिवाला हे सांगितलं नाही. उगाच शंका यायची.

८ नोव्हेंबर

केरबाबरोबर निरोप: ईदला घरी ये. चार दिवस राहा. बंदराचं काम राहू दे.

माझे डोळे भरून आले. बकरी ईद शनिवारी आहे. पण पाणी थंड व्हायला लागलं आहे, आणि भिवा म्हणतो, मोठा थवा येत्या आठवड्यात लागेल. अशा वेळी मी नसणं बरं नाही. केरबाला सांगितलं, येत नाही. तो म्हणाला, "या की वो. मालकांनी लई बजावलंय. आणाच म्हणालेत."

"त्यांना सांग, काम टाकून येणारा भाऊ तुम्हांलाच आवडणार नाही."

केरबा काही तरी बोलणार होता. मग ट्रकचं चाक लाथेने तपासत राहिला.

११ नोव्हेंबर

ईद. इथल्या छोट्या मशिदीत नमाज. चिमणाबाईने तांदळाची खीर पाठवली, वर निरोप: साखर कमी असा, तुमचीच चिपाडां घाला.

१३ नोव्हेंबर

थवा लागला. मीसुद्धा पाहिला. पाणी खरोखर काळं होतं.

जाळं ओढायला शेजारच्या वाडीची माणसं बोलवावी लागली. दुपारपर्यंत वाळू दिसेना. बायकांच्या टोपल्या भरल्या, दुसऱ्यांदा भरल्या. पोरं बांगड्यांवर घसरून पडत होती. भिवाला हसताना प्रथम पाहिलं.

गाडी सकाळी यायची ती आली नाही. घाटात अडकली असेल. संध्याकाळी कालचा उरलेला बर्फ फोडून वर टाकला.

चिमणाबाई म्हणाली, "येतली मां रे?"

"येणार म्हणजे येणार."

१४ नोव्हेंबर

आली नाही. दुसरीही नाही.

ट्रंककॉल. भाबीने घेतला. भाई बाहेर गेलेत म्हणाली. गाड्या कुठे आहेत, तर ठाऊक नाही म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ईदला ये म्हणून सांगितलंतं की तुला, इकबाल. का आला न्हाईस?"

मी म्हणालो, भाबी, ईदचं सोड, गाडी पाठवा.

लाईन तुटली की तिने ठेवला, कळलं नाही.

वाडीवर मीठ होतं तेवढं संपलं. बायका टोपल्या घेऊन दोन-दोन गावं पुढे गेल्या आणि अर्धा माल परत घेऊन आल्या. सगळीकडे बांगडा पडला आहे. दाजीशेटचे दोन ट्रक धक्क्यावर रिकामे उभे आहेत. भिवा स्वतः गेला होता. उत्तर मिळालं, "कोल्हापूरची गाडी येतली मां? थांबा."

१५ नोव्हेंबर

आज दाजीशेटच्या ट्रकमधून लाँचींसाठी बर्फ उतरताना पाहिला. लाद्या तुसात होत्या. आमच्या कारखान्यातला एक साचा चेपलेला आहे. त्यातली लादी एका कोपऱ्यात बसकी निघते. तशा लाद्या होत्या. मी लहानपणापासून त्या लादीवर बसत आलो आहे.

मला इतका आनंद झाला की मी धावलो. आमच्या गाड्या बंद पडल्या असतील, म्हणून भाईने मिळेल त्या ट्रकमधून बर्फ पाठवला! हमालाला म्हणालो, हा बर्फ आमचा, वाळूवर न्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याला म्हणाला, "ह्येका कायच म्हायत नाय वाटता."

दाजीशेट ऑफिसच्या दारात उभा होता. हसला नाही. "मास्तर," म्हणाला, "घरी जावन येवा."

संध्याकाळी माडांच्या बुंध्याशी खड्डे खणून बांगडे पुरले. माडाला खत होतं. मीही फावडं घेतलं. कोणी घे म्हणालं नाही, कोणी नको म्हणालं नाही. चिमणाबाई काठावर बसली होती. तिने मला शिवी दिली असती तर मी इथे लिहिली असती.

१७ नोव्हेंबर, कोल्हापूर

एस.टी.ने आलो. सरळ कारखान्यात गेलो. भाई लादीवर सुतळी बांधत होता. आमचे दोन्ही ट्रक अंगणात उभे होते, धुतलेले.

"जेवलास का?" म्हणाला.

मी विचारलं, गाड्या का नाही पाठवल्या?

"दाजीशेटशी भागी झालीया. बर्फ आपला, बंदर त्याचं. गाड्या दोघांच्या. कवापासनं मागं लागलोतो त्याच्या. घाटावरचा माणूस काय करणार म्हणून हसत हुता. रापणीनं पाठ फिरवली तसा आला की सरळ. पण त्याचं म्हणणं, त्यांना एकदा दाखवायचं. एक थवा सडू दे."

"म्हणजे मी शब्द दिला तो..."

"तो झ्याक दिलास. म्हणून तर हे जमलं."

भाईने सुतळीची गाठ आवळली. मग म्हणाला, "तुला फसवलं न्हाई मी. तुला सांगितलं न्हाई, एवढंच. सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. ईदला ये म्हटलंतं. तू तिथं नसतास तर तुझं नाव खराब झालं नसतं. तेवढा इचार केलाता मी."

तो खरंच तसं मानतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एखादी गोष्ट लपवतोय असं काही दिसलं नाही. आता लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं.

घरी भाबीने ताट वाढलं. माझ्याकडे न बघता भाकरी टाकत राहिली.

१९ नोव्हेंबर, कोल्हापूर

दोन दिवस घरात पडून होतो. आज भाई खाटेवर येऊन बसला. रापणीला दाजीशेट परत घेणार आहे, म्हणाला, पण नव्या बोलीवर. आधी सगळ्या मालाचा तोल. बायकांच्या टोपल्या तोलानंतर, उरलं तर.

"मोठा मोठा माल बायका उचलत्यात, केरबानं सांगितलंतं," भाई म्हणाला. केरबाला कोणी सांगितलं होतं ते मला आठवलं.

"ही बोली कोण सांगणार त्यांना?" मी विचारलं.

"तू."

मी नाही म्हणालो.

"मग दाजीशेटचा माणूस जाईल. तो कसा बोलतोय तुला ठाव हाय. तू निदान नीट सांगशील. तुझं ऐकत्यात ती माणसं."

बराच वेळ विचार केला. त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाही. जाळं रोज टाकावंच लागणार. कोणीतरी सांगणारच. माझ्या तोंडून कळलं तर एक-दोन गोष्टी मला त्यांच्यासाठी मागून घेता येतील. निदान म्हाताऱ्या बायकांच्या टोपल्या. भाईशी यावर बोलेन, जरा शांत झाल्यावर. दूर राहून काय साधणार? जाण्यातच बरं आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

भाईने पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला नाही.

२१ नोव्हेंबर, बंदर

एस.टी.त मनाशी वाक्यं जुळवत आलो. आधी माफी मागायची, मग भावाने काय केलं ते सांगायचं, मग बोली.

पोचलो तेव्हा जाळं वाळूवर आलं होतं. माल बेताचा. बायका टोपल्या घेऊन पुढे झाल्या होत्या. केरबा ट्रक घेऊन आला होता, तो माझ्यामागे तराजू घेऊन वाळूवर उतरला. तराजू पाहून त्या थांबल्या. त्यांना आधीच कळलं होतं का, माहीत नाही.

भिवा पाण्याकडे बघत होता. मी म्हणालो, "आजपासून आधी तोल होईल." जुळवलेल्यापैकी एवढंच बाहेर आलं.

वाटलं, आता चिमणाबाई बोलेल. मी तयार होतो. खरं तर वाट बघत होतो.

ती मागे वळून आपल्या सुनेला म्हणाली, "गे, शेटांका खुर्ची हाड."

मी कोण शेट म्हणून आजूबाजूला पाहिलं.

शाळेतली असते तशी लाकडी खुर्ची आली. चिमणाबाईने पदराने तिच्यावरची वाळू झाडली.

"बसा शेट. उन्हात कित्याक उभे रवताव? च्याय घेताव?"

मी म्हणणार होतो, मावशी, असं बोलू नको. पण सगळे उभे होते आणि खुर्ची मध्ये ठेवलेली होती. मी बसलो.

बायकांनी टोपल्या रिकाम्या करून दिल्या. केरबाने तराजू टांगला. मी भाव सांगितला. दीड महिना या वाळूवर एक पैशासाठी अर्धा तास भांडण ऐकलं होतं. आज कोणी घासाघीस केली नाही.